फ्रिज बिघडलेला नाही, गारवा घरून न्यायचा राहिला

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. ट्रॅव्हलर गाडीवर बांधलेली जुनी कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, तुम्ही घेतलीत. तिच्यात आधीच्या मालकाने बाहेरून मागवलेला थ्री-वे फ्रिज आहे, म्हणजे घरच्या विजेवर, गाडीच्या १२ व्होल्टवर आणि सिलिंडरवर असा तिन्ही तऱ्हांनी चालणारा. मेमध्ये कोल्हापुरातून पहाटे ६ ला तारकर्लीला निघालात आणि निघतानाच फ्रिज चालू केलात. आत पाण्या-सरबताच्या मिळून १२ लिटर बाटल्या, ३ लिटर दूध, २ किलो मटण आणि त्याच पहाटे केलेला ३ लिटरचा डबाभर तांबडा रस्सा. दुपारी १ ला पोचलात तेव्हा बाटल्या कोमट होत्या, दूध नासलं होतं आणि मटण टाकून द्यावं लागलं. आता एक मिस्त्री म्हणतोय, 'गॅस कमी झालाय, भरून देतो.' तुम्ही विचारताय, भरावा का, की फ्रिजच बदलावा?

दोन्ही नको. निदान लगेच तरी नको. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली २६ वर्षं थंडीचीच कामं करतोय. डेअरीचे बल्क कूलर, आईस्क्रीमच्या गाड्या, हॉटेलांचे डीप फ्रीजर, हे सगळं केलं. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर तुमच्यासारख्या गाड्याही दारात यायला लागल्या. त्यांतल्या निम्म्याअधिक तक्रारींत फ्रिज ठणठणीत असतो. चूक निघण्याच्या आदल्या दिवशी झालेली असते.

आधी त्या 'गॅस भरण्या'बद्दल. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तिथे गॅस गळतो आणि भरताही येतो. थ्री-वे फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरच नाही. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच भरून नळ्या कायमच्या बंद केलेल्या असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन थंड होतो, द्रव होऊन खाली उतरतो आणि आतल्या कप्प्यातली उष्णता ओढून पुन्हा पाण्यात मिसळतो. १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लॅटन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही युक्ती अजून तशीच चालू आहे. मोटर नाही, म्हणून आवाज नाही. पण गॅस भरायला नळीही नाही. यात खरंच गळती झाली तर अमोनियाचा नाकात जाणारा वास येतो आणि मागच्या नळ्यांवर पिवळट पूड दिसते. तसं काही नसेल तर त्या मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावा.

आता खरा प्रश्न. फ्रिज गार करत नाही असं तुम्ही म्हणताय. मी म्हणतो, तुम्ही त्याला जे काम दिलंत ते सात तासांत त्याच्याकडून होणारच नव्हतं. हिशेब करू, शाळेतलाच आहे. १ किलो पाणी १ अंशाने थंड करायला ४.१८ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. बाटल्या, दूध, मटण मिळून १७ किलो. मेच्या पहाटेही घरातला माल ३० अंशांवर असतो, तो ५ वर आणायचा. झाले साधारण १,७७५ किलोज्यूल. रस्सा ६० अंशांवर होता असं धरलं तर एकट्या त्या डब्याचे ६९०. एकूण २,४६५.

आणि समोर गडी कोण? या जातीच्या लहान फ्रिजचा हीटर १२० वॉटच्या आसपासचा असतो, पण प्रत्यक्ष थंडावा मिळतो जेमतेम २५ वॉटचा. म्हणजे तासाला ९० किलोज्यूल. २,४६५ ला ९० ने भागा, २७ तास येतात! तेही भिंतींतून आणि दारातून उष्णता अजिबात शिरत नाही असं धरून. सात तासांत त्याच्याने फार तर ६३० झाले असते. नुसता तो रस्साच ६९० चा होता. म्हणजे तारकर्लीपर्यंत तुमचा फ्रिज रस्सा गार करत बसला होता, तोही पुरता झाला नाही, आणि त्या डब्याच्या उबेने शेजारचं दूध नासलं.

म्हणून हा फ्रिज म्हणजे गारवा राखणारी पेटी समजा, तयार करणारं यंत्र नव्हे. गारवा घरी तयार करायचा, जिथे कॉम्प्रेसरचा दणकट फ्रिज आहे आणि वीज कमी पडत नाही. एक लिटर पाण्याची बाटली घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ ला दगड करून आणली, तर ती वितळून ५ अंशांवर येईपर्यंत साधारण ३९० किलोज्यूल उष्णता पिते. तुमच्या गाडीतल्या फ्रिजचं ते चार तासांहून जास्त काम आहे. घरच्या फ्रीजरने ते रात्री तुम्ही झोपलेले असताना करून ठेवलं. अशा चार बाटल्या गेल्या तर गाडीतल्या फ्रिजला निवांत बसता येतं.

हे सगळं फ्रिजच्या जातीवर ठरतं, हेही सांगायला हवं. हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरवाला फ्रिज असेल, तर त्याला एवढी काळजी नको. तो बॅटरीतून चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो आणि मधे मधे बंद होतो. उन्हाळ्यात दिवसाकाठी ४० अँपिअर-तास धरून चालावं. तोही निघायच्या चार-सहा तास आधी लावलेला बरा, पण उशीर झाला तरी सांभाळून घेतो. बाजारात स्वस्तात मिळणारी, मोटारीच्या सॉकेटला लावायची 'कूलर पेटी' मात्र वेगळीच जात आहे. ती बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १८-२० अंश खाली नेते. बाहेर ३८ असेल तर आत १८. त्यात चॉकलेट टिकेल, दूध नाही. आणि काही जण घरचाच एका दाराचा फ्रिज गाडीत बसवून इन्व्हर्टरवर चालवतात. चालतो तो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो, त्यामुळे इन्व्हर्टर लहान असेल तर घाटात टुंई-टुंई करत बंद पडतो. तुमचा थ्री-वे आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच, म्हणजे २४ तास आधी, गाडी घरच्या विजेला जोडा. साधं एक्स्टेंशन पुरतं, १२० वॉटचा तर भार. दिवसभरात ३ युनिटसुद्धा जळत नाहीत. रिकामाच फ्रिज चालू करायचा, फक्त दोन गोठवलेल्या बाटल्या आत ठेवायच्या, म्हणजे भिंती लवकर गार होतात. रात्री त्यात घरच्या फ्रिजमधून आधीच थंड झालेला माल भरायचा.

पण त्याआधी गाडी समतल करा. या फ्रिजमध्ये द्रव आपल्या वजनाने खाली वाहतो, त्याला ढकलायला पंप नाही. गाडी दोन-तीन अंशांहून जास्त कलली की द्रव नळीच्या एखाद्या वळणात साचून राहतो आणि फ्रिज खालून तापतो पण आत गार होत नाही. आपल्या कोल्हापुरातल्या कॉलन्यांचे रस्ते बघा, गटाराकडे उतरते. एका बाजूची चाकं गटाराजवळ, दुसरी रस्त्याच्या मधोमध. गवंड्याची पाणसळ घ्या आणि ती गाडीच्या जमिनीवर न ठेवता फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याच्या तळावर ठेवा, लांबीत एकदा आणि रुंदीत एकदा. बुडबुडा मधे येईपर्यंत उतरत्या बाजूच्या चाकांखाली लाकडी ठोकळे. गाडी चालताना मात्र कलाची चिंता नको. ती इकडून तिकडे डुलत असते, द्रव कुठे अडकत नाही. घात होतो तो उभ्या गाडीत.

हे मी माझ्या श्रीखंडाच्या किमतीत शिकलोय. पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने दाजीपूरला मुक्कामाला गेलो, झाडाखाली छान सावली बघून गाडी लावली, उतारावर. रात्रभर फ्रिज सिलिंडरवर चालू होता, ज्योतही निळी होती. सकाळी आत २१ अंश! मी तासभर बर्नर साफ करत बसलो. शेवटी मुलाचा चेंडू गाडीत आपोआप घरंगळत मागच्या दाराशी गेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बायको एवढंच म्हणाली, "गावाचे फ्रिज दुरुस्त करता आणि आपलं श्रीखंड चमच्यानं प्यायला लावता." तेव्हापासून पाणसळ ड्रायव्हरच्या खणात असते.

दुसरी एक वस्तू घ्याच. लांब वायर आणि टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर. शे-दोनशे रुपयांत मिळतो. सेन्सर नुसता हवेत सोडू नका, पेलाभर पाण्यात बुडवून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दार उघडलं की हवेचं तापमान लगेच उडी मारतं, त्यावरून काही कळत नाही. पेल्यातलं पाणी दुधासारखं हळू तापतं, त्यामुळे ते जे सांगेल तेच दुधाचं खरं. रात्री ११ ला तो ५ किंवा खाली दाखवत असेल तर फ्रिज उत्तम आहे, बदलायचा विचार सोडा. ३० तासांनंतरही १५ वर अडकला असेल, गाडी समतल असेल आणि मागे हवा खेळत असेल, तरच फ्रिजवर संशय घ्या.

हवा खेळण्याचं काय ते सांगतो, कारण मेमध्ये बरेच फ्रिज इथेच हरतात. फ्रिजच्या मागे, गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या असतात. खालून हवा आत, वरून गरम हवा बाहेर. वरची जाळी बुजली असेल, नाहीतर फ्रिज आणि पत्रा यांच्यामध्ये हवा नळ्यांना न शिवताच वर निघून जाईल एवढी मोकळी पोकळी असेल, तर सगळी उष्णता तिथेच घुटमळते. फ्रिजच्या आत किंवा दाराच्या कडेला एक पाटी असते. तिच्यावर 'एसएन', 'एन', 'एसटी' किंवा 'टी' अशी खूण शोधा. एसएन आणि एन जातीचे फ्रिज बाहेरच्या ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बांधलेले असतात, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. थंड देशांसाठी केलेला फ्रिज बहुधा एसएन निघतो. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या दुपारी तो मुळात त्याच्या कक्षेबाहेर काम करतोय. यावर सोपा उतारा म्हणजे वरच्या जाळीपाशी संगणकाचा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवणं. करंट नगण्य खातो आणि माझ्या कामांत तरी त्याने आतलं तापमान दोन-चार अंश खाली आलंय. शिवाय मुक्कामाला गाडी लावताना जाळ्यांची बाजू दुपारनंतर पश्चिमेला येणार नाही असं बघा. तुमची कोणती बाजू आहे ते तुम्हालाच ठाऊक.

आता रस्ता. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, मालवण, असे दीडशेच्या वर किलोमीटर. कॅराव्हॅन घेऊन, नाष्टा धरून, सहा-सात तास. या वेळात फ्रिज १२ व्होल्टवर असतो आणि १२ व्होल्टची बाजू या फ्रिजची सर्वांत दुबळी. एकतर निघताना खटका बदलायचाच राहतो. घरची वायर काढली, खटका तसाच '२३०' वर आणि फ्रिज सात तास नुसता बंद. तुम्ही हे नक्की केलं नव्हतं ना? हसू नका, मी स्वतः केलंय.

खटका बरोबर असला तरी वायरीचं दुखणं राहतं. १२० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटर जाऊन सहा मीटर परत यायचं. बॉडीवाल्यांनी दीड एमएमची वायर टाकली असेल तर वाटेतच सुमारे १.४ व्होल्ट गळतात, अडीच एमएमची असेल तर ०.८, सहा एमएमची असेल तर फक्त ०.३५. त्यात जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेला, फ्यूजचा होल्डर गंजलेला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतात, पण फ्रिजच्या टोकाला मला अशा गाड्यांत साडेदहा मिळाले आहेत. आणि हीटरची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. १२ ऐवजी साडेदहा मिळाले की ताकद जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली. आधीच २५ वॉटचा गडी, तो १९ वर आला. दुपारच्या उन्हात भिंतींतून शिरणारी उष्णताच तेवढी खाते. मग माल गार करायला उरलं काय? काही नाही. म्हणूनच सांगतो, १२ व्होल्टवर हा फ्रिज फार तर आहे ते टिकवतो.

इंजिन चालू ठेवून, फ्रिज १२ वर लावून, फ्रिजच्या मागच्या टोकाला मल्टिमीटर धरा. १२ च्या खाली असेल तर फ्रिज बदलायच्या पैशांच्या दहाव्या हिश्शात सहा एमएमची नवी वायर, चांगला फ्यूज आणि मधे रिले टाकून घ्या. रिले यासाठी की इंजिन बंद झालं की फ्रिज आपोआप बॅटरीवरून सुटला पाहिजे. नाहीतर १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी, तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे ५० ला १० ने भागा, पाच तासांत संपली. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ गगनबावड्याला पाऊस बघत तासन्‌तास थांबले, आणि त्यांची गाडी पुढे ढकलायला पर्यटकच बोलवावे लागले. गाडी बीएस-६ असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, अधूनमधून स्वतःहून व्होल्टेज उतरवतो. तिथे रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं स्थिर ठेवणारी पेटी, लागतो, तो वायरमनला नीट विचारून घ्या.

वाटेत फ्रिज सिलिंडरवर चालवू का, असं बरेच जण विचारतात. नाही. धावत्या गाडीत उघडी ज्योत नको, आणि पेट्रोल पंपावर तर नकोच नको. सिलिंडरचा कॉक निघतानाच बंद. मुक्कामी पोचून गाडी समतल झाली की मग गॅस उत्तम. खरं तर या फ्रिजचा सर्वांत चांगला थंडावा गॅसवरच मिळतो. पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या फ्रिजला बरेच दिवस पुरतो. एवढं मात्र बघा की बर्नरचा धूर बाहेरच्या जाळीतूनच जातोय, आत झोपायच्या जागेत शिरत नाही. फ्रिज आणि आतलं फर्निचर यांच्यातल्या फटी पक्क्या बुजवलेल्या हव्यात. मुक्कामी वीज मिळाली तरी व्होल्टेज बघा. किनाऱ्यावर संध्याकाळी १८० व्होल्ट येत असतील तर फ्रिज ६० टक्केच ताकदीने चालतोय. तेव्हा वीज सोडून गॅसवर टाका.

आता मला खरा रस आहे त्या गोष्टीकडे येतो, आत काय भरायचं. फ्रिजमधली सर्वांत स्वस्त जागा म्हणजे जी वस्तू फ्रिजमध्ये न्यावीच लागत नाही तिची. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण चटणी, लोणचं, दशम्या, कांदे-बटाटे, यांना थंडीची गरज नाही. अंडी दोन-तीन दिवस सावलीत राहतात. दुधाचं म्हणाल तर धारोष्ण दुधाचा कितीही अभिमान असू द्या, प्रवासाला ते नेऊ नका. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध आदल्या दिवशी आणून घरच्या फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा. किंवा सरळ टेट्रापॅक न्या, फोडेपर्यंत त्याला फ्रिज लागतच नाही. तीन लिटरची जागा मोकळी झाली.

मटण. कोल्हापूरकराला मटणाशिवाय गाडी सुरू होत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ताजं मटण पहाटे आणून फ्रिजमध्ये कोंबणं म्हणजे ३० अंशांचा माल भरणं. दोन दिवस आधी आणा, धुऊन, मीठ-हळद-आलं-लसूण लावून, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत पातळ चपटं पसरून घरच्या फ्रीजरमध्ये दगड करा. चपटं यासाठी की लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि फ्रिजमध्ये पाटीसारखं उभं राहतं. आता हे मटण ओझं राहिलं नाही, तुमचा बर्फच झालं. पहिल्या दिवशीचं पाकीट दुधाशेजारी ठेवा, दुसऱ्या दिवशीचं बर्फाच्या कप्प्यात. गोठलेलं मटण पूर्ण सुटलं की त्याच दिवशी शिजवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

तांबडा रस्सा करूनच न्यायचा असेल तर आदल्या दिवशी दुपारी करा. पातेलं परातीत गार पाणी घालून त्यात ठेवा, ढवळत राहा, पाणी दोनदा बदला, तासाभरात कोमट होतो. मग डब्यांत भरून घरच्या फ्रिजमध्ये, जमलं तर फ्रीजरमध्ये. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू द्यायचं नाही, हा माझ्या हॉटेलवाल्या गिऱ्हाइकांनाही मी घातलेला नियम. खाण्यालायक थंड म्हणजे ५ अंश किंवा खाली, गरम म्हणजे ६० च्या वर, मधला पट्टा जंतूंचा. वर तेलाचा तवंग आहे म्हणून रस्सा टिकतो ही समजूत सोडा. तवंगाखाली पाणीच आहे. पांढरा रस्सा मात्र नेऊच नका. त्यात नारळाचं दूध, ते सर्वांत आधी आंबतं. नारळ तिथे झाडाला लागलेत, तिथेच करा. शिजवलेला भातही फार भरवशाचा नाही, तो तिथेच लावावा.

कप्पे भरताना हवा फिरायला बोटभर फट ठेवा. गोठलेल्या बाटल्या वर, कारण थंड हवा खाली उतरते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते २ ते ८ अंशांत हवं आणि गोठता कामा नये. गार पट्टीला किंवा बर्फाच्या बाटलीला चिकटवून ठेवू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाराच्या कप्प्यात.

सर्वांत मोठा बदल मात्र हा करा, पिण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवूच नका. तुमच्या यादीतला सर्वांत जड माल तोच होता, १२ किलो. शिवाय मुलं दर पंधरा मिनिटांनी दार उघडणार, आणि उभ्या दाराचा फ्रिज उघडला की थंड हवा पाण्यासारखी खाली ओतून जाते. पाण्या-सरबतासाठी वेगळी बर्फाची पेटी ठेवा, झाकण वरून उघडणारी, म्हणजे थंड हवा आतच राहते. ती मुलांच्या हवाली करा, कितीही उघडू देत. फ्रिज दिवसातून तीनदा, स्वयंपाकाच्या वेळीच. ही एक सवय लावली की फ्रिजचं निम्मं काम कमी होतं.

पेटीत बाटल्यांचाच बर्फ बरा, वितळला की तेच पाणी प्यायचं. बाटली गोठवताना गळ्यापासून चार बोटं रिकामी सोडा, पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. बर्फाच्या कारखान्यातली लादी आणलीत तर ती थंडाव्यासाठीच, पेल्यात टाकायला नव्हे. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम २०१८ पासून आहे, त्यामुळे निळसर दिसला तर दचकू नका. लादी फोडू नका, अखंड तुकडा हळू वितळतो. चुरा झटकन गार करतो पण झटकन संपतोही.

मिठाच्या पाण्याची बाटली ही माझी आवडती युक्ती, पण जपून. लिटरला १०० ग्रॅम मीठ घातलं की ते पाणी उणे ६ च्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे वितळतानाही शून्याच्या बरंच खाली राहतं. घरच्या फ्रीजरमध्ये त्याचा पूर्ण दगड होत नाही, घट्ट लगदा होतो, तेवढं चालतं. मटणाची गोठलेली पाकिटं टिकवायला ही बाटली झकास. पण तिला टोमॅटो, कोथिंबीर, दही शेजारी मिळालं तर तेही गोठून बसतं. बाटलीवर रंगाने मोठा 'मी' लिहा, नाहीतर कोणीतरी तहानेला घोट घेईल. कोरडा बर्फ, जो धूर सोडतो तो, गाडीत नकोच. तो कार्बन डायऑक्साइड आहे, बंद गाडीत जीव गुदमरतो.

आणि बाटलीला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत टांगायची आजोबांची रीत? घाटाच्या वर, राधानगरीपर्यंत, दुपारच्या कोरड्या हवेत ती छान चालते. पाणी उडतं, उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. फोंडा उतरून कोकणात शिरलात की हवाच दमट, पाणी उडत नाही, फडकं नुसतं ओलं राहतं आणि बाटली कोमट. माठही तिथे तसाच थंडावतो, म्हणजे थंडावतच नाही.

तर पुढच्या वेळी असं करून बघा. दोन दिवस आधी मटण आणि बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये. आदल्या सकाळी गाडी समतल करून विजेला. दुपारी रस्सा, तो घरच्या फ्रिजमध्ये. रात्री ११ ला पेल्यातलं तापमान बघून माल गाडीत. पहाटे वायर काढायच्या आधी इंजिन चालू, मग खटका १२ वर, मग वायर. दाजीपूरला चहाला थांबाल तेव्हा दार न उघडता थर्मामीटर वाचा. तिथे ७ च्या आत असेल तर तारकर्लीला दूध शाबूत पोचलं असं समजा. आकडा १० च्या वर गेला असेल तर दूध तिथेच चहात संपवा, आणि परत आल्यावर फ्रिजच्या टोकाचे व्होल्ट आणि दाराच्या पाटीवरची खूण मला कळवा, मग पुढे काय ते सांगतो.

एक राहिलं, येतानाचा माल. मालवणहून सुरमई-पापलेट आणल्याशिवाय तुम्ही काही परतणार नाही, आणि १ जूनपासून मासेमारीबंदी, म्हणजे मेअखेर तर झुंबड. मासे फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. तिथेच साफ करून घ्या, पोट काढलेला मासा जास्त टिकतो. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. माशाच्या वजनाएवढा बर्फ हवाच, त्यात कंजूषी नको. झाकणाला चिकटपट्टी. पेटीच्या तळाला एक भोक पाडा, वितळलेलं पाणी मासळीला भिजवत राहू नये म्हणून, आणि त्याखाली खोल तसराळं ठेवा. ते तसराळं दर तासाला ओतायची जबाबदारी एकाच माणसावर द्या. मासळीचं पाणी गाडीच्या मॅटखाली एकदा उतरलं ना, की ती गाडी दिवाळीपर्यंत बाजारासारखी वास मारते.